लकव्यानंतर आधी हिंदी परतली

हे मी डाव्या हातानं लिहितो आहे. उजवा हात पेन धरतो, पण चार ओळींनंतर अक्षर खाली खाली घसरत जातं. म्हणून सौसरच्या तहसील कचेरीत वीस वर्षं ज्या हातानं कागदांच्या नकला उतरवल्या, त्याला मी सुटी देऊन टाकली आहे. डावा अजून शिकतोच आहे. एका पानाला त्याला अख्खी दुपार लागते. घाई मलाही नाही.

लिहायचं कारण एवढंच, की मला लकवा झाला तेव्हा सल्ले देणारे पुष्कळ होते, पण त्यातून गेलेल्या माणसानं सांगितलेलं असं आमच्याजवळ काही नव्हतं. आत काय चाललेलं असतं, हे माझ्या बायकोला, सुमनला, कोणी सांगितलं नाही. आणि मला सांगायला तोंडच उरलं नव्हतं. आज ज्यांच्या घरी असा माणूस खाटेवर पडून आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

रामाकोन्याचा म्हातारा

शहाऐंशी सालचा जानेवारी होता. माझं वय सेहेचाळीस. बिडी नाही, दारू नाही. रक्तदाब आहे हे एकदा कोणी तरी सांगितलं होतं, ते मी विसरलो होतो.

आमचा सौसर-पांढुर्ण्याचा भाग आहे मध्य प्रदेशात, पण घराघरातली बोली नागपुरी-वऱ्हाडी. कचेरी मात्र हिंदी. मी सकाळी दहाला हिंदीत शिरायचो आणि साडेपाचला मराठीत परत यायचो. काम नकल शाखेचं. शेतांच्या कागदांची नकल मागायला लोक खिडकीशी यायचे आणि त्यांना मी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचो, "कल आइए." उद्या या. खरंच उद्या मिळेल, असं त्यात काही नसायचं. खिडकी मोकळी करायचा तो शब्द होता.

त्या दिवशी अकराच्या सुमारास मी रामाकोन्याच्या एका म्हाताऱ्याची नकल उतरवत होतो. पेन हातातून गळून पडलं. उचललं, पुन्हा गळलं. मी स्वतःशीच हसलो. मग कागदाकडे पाहिलं, तर अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती. दूरच्या मुलखातल्या स्टेशनाची पाटी पाहावी तसं झालं. अक्षरं आहेत एवढं कळतं, पुढं काही नाही.

खिडकीतून म्हातारा वाकून बघत होता. म्हणाला, "बाबूजी, तुमचं तोंड वाकडं होऊन राह्यलं."

मी "काही नाही" म्हणायला गेलो. तोंडातून जे आलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. खुर्चीवरून उजवीकडे कलायला लागलो, तेव्हा तो म्हातारा दाराला वळसा घालून आत धावला आणि त्यानं मला खांद्याशी धरलं. आमचे कचेरीतले लोक तोवर नुसते उभे होते. त्यांना दोष देत नाही. रोजच्या माणसाला असं काही होईल हे रोजच्या माणसांना खरं वाटत नाही. त्या म्हाताऱ्याची नकल मात्र माझ्या हातून झाली नाही.

सौसरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून पाहिला, तळपायाला किल्ली ओढली आणि सुमनला सांगितलं, "लकवा आहे. थांबू नका, नागपूरला न्या." तहसीलदार साहेबांची जीप होती म्हणून न्यायला मिळालं. सुमन घरून निघाली तशी आली होती, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. बोरगाव गेलं, लोधीखेडा गेलं, आणि ती सारखी माझ्या तोंडाजवळ वाकून विचारत होती, "मले ओयखता का? सांगा न, मी कोन आहो?"

मी तिला ओळखत होतो. तिचं नाव माझ्या डोक्यात होतं, अगदी पुढ्यात ठेवल्यासारखं. ते उचलून जिभेवर ठेवता येत नव्हतं. मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि तिला वाटलं, मी ओळखत नाही. ती तोंड फिरवून रडली. पुढचे सगळे महिने एका बाजूला ठेवले, तरी त्या जीपमधली ती पंधरा-वीस मिनिटं मला जड वाटतात.

बोट हललं आणि थांबलं

नागपूरचा मोठा सरकारी दवाखाना. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. सकाळी फिनेलचा पोछा, मग ताप बघणारी सिस्टर, मग दूध-पाव. मग अंग पुसणं आणि कूस बदलणं. सुमनला सिस्टरनं एकदाच दाखवलं, दर दोन तासांनी कसं वळवायचं ते. ती किडकिडीत बाई, मी चांगला भरलेला माणूस. तिनं एकदाही पाठीला जखम होऊ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची करंगळी हलली. सुमननं सिस्टरला हाक मारून दाखवली. चौथ्या दिवशी करंगळी हलेना. डोळे उघडे ठेवणंही जड जायला लागलं. आमची मुलगी प्रतिभा त्याच दिवशी पोचली. ती पांढुर्ण्याला मामाकडे राहून बी.एस्सी. करत होती, पहिलं वर्ष. तिनं राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमना माझ्या खाटेच्या पायथ्याशीच गाठलं.

"आई म्हणते, काल बोट हलत होतं. आज का नाही?"

"सूज आहे," मॅडम म्हणाल्या. "चौथ्या-पाचव्या दिवशी वाढते. उतरेल." त्या पुढं निघाल्या होत्या, पण प्रतिभाच्या हातातली वही पाहून थांबल्या. "कॉलेजात आहेस? काय शिकतेस?"

"प्राणिशास्त्र."

मग मॅडमनी तिची वही घेतली आणि उभ्याउभ्या एक गोल काढला, त्याभोवती दुसरा मोठा गोल. "हा मधला भाग रक्त थांबल्यावर लगेच गेला. त्याला आता इलाज नाही. पण ही भोवतालची कड बघ. इथल्या पेशी मेल्या नाहीत. बेशुद्ध पडल्यासारख्या आहेत. थोडं थोडं रक्त त्यांना पोचतंय."

"मग त्या उठतील?"

"काही उठतील." मॅडमनी कडेवर बारीक बारीक ठिपके दिले. "मेंदूत राखणीच्या पेशी असतात. एरवी गप्प बसलेल्या असतात. असं काही झालं की त्या जाग्या होतात, आकार बदलतात, त्या जागेकडे सरकतात आणि मेलेलं गिळून जागा साफ करतात. रक्तातूनही त्यांच्यासारख्या आणखी येतात."

"म्हणजे चांगलंच आहे न, मॅडम?"

मॅडमनी वही परत दिली. "पुस्तकात तसंच लिहिलंय. सफाई तर व्हायलाच हवी. पण मला एक शंका येते. त्या धावपळीत, ज्या नुसत्या बेशुद्ध आहेत त्यांनाही या पेशी मेलेल्यांबरोबर नेत असतील का? किंवा त्या जे काही सोडतात, त्यानं शेजारच्या जिवंत पेशी पोळत असतील का? आज कोणी नक्की सांगू शकत नाही. जगात काम चालू आहे."

"त्याईले थांबवता नाही येत?" हे सुमननं विचारलं. ती ऐकते आहे हे त्या दोघींच्या लक्षातच नव्हतं.

"नाही, बाई. आणि थांबवलं तरी घाण कोण काढणार?"

मी ऐकतो आहे, हेही कोणाच्या लक्षात नव्हतं.

रोजची हजेरी

मॅडम खोटं बोलल्या नाहीत, म्हणून आज मी त्यांचा आभारी आहे. तेव्हा मात्र ते ऐकून माझी झोप उडाली. माझ्याच डोक्यात, माझ्याच राखणीला ठेवलेलं कोणी तरी फिरतं आहे आणि जिवंत-मेलेलं न बघता उचलून नेतं आहे. मी पडल्या पडल्या हजेरी घ्यायला लागलो. सकाळी डोळा उघडला की छोट्या लाईनच्या, म्हणजे आमच्या अरुंद रुळांच्या गाडीच्या, बाजूची गावं मनात म्हणायची. रामाकोना आहे. सौसर आहे. बोरगाव आहे. लोधीखेडा आहे. मग घरातली माणसं, मग कचेरीतली.

पाचव्या दिवशी बोरगाव सापडलं नाही.

माझ्या बहिणीचं घर तिथं. घर दिसत होतं, दारातली बाभूळ दिसत होती, बहीण ताटावर पदर धरून माश्या वारताना दिसत होती. गावाचं नाव नव्हतं. मी सकाळभर शोधलं. जेवणाच्या वेळी रडू आलं, आणि ते थांबेना. सुमन म्हणाली, "दुखते का? कुठी दुखते?" मी डावा हात डोक्याला लावला. तिनं बाम चोळला.

या आजारात रडणं आणि हसणं आपल्या ताब्यात राहत नाही. बाजूच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला लोक आले आणि रडायला लागले, की मी मोठ्यानं हसायचो. मला हसू येत नसायचं. तोंड हसायचं. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं आणि मनाला लावून घेऊ नये.

सहाव्या दिवशी डोळे सहज उघडले. सातव्या दिवशी करंगळी हलली, तिच्याबरोबर अनामिकाही. आणि रविवारी सिस्टर सुई टोचत असताना, मी शोधत नसताना, बोरगाव आलं. आपणहून. कोणी नेलं नव्हतं ते. बेशुद्ध पडलेल्यांतलं होतं आणि उठून बसलं होतं. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरकडे बघून घशातून आवाज काढला. ती म्हणाली, "इतकी दुखली का सुई?"

पाठ असलेलं

आमच्या घरी संध्याकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतात. दवाखान्यात सुमन ते खाटेच्या कडेला बसून ओठातल्या ओठात म्हणायची, इतरांना त्रास नको म्हणून. नवव्या दिवशी ती म्हणत असताना माझे ओठ हलायला लागले. मग आवाज निघाला. मी तिच्याबरोबर सगळं म्हटलं, एक शब्द न चुकता, शेवटपर्यंत.

सुमन अर्ध्यातच थांबली होती. शेवटचं मी एकट्यानंच म्हटलं.

"तुमी बोल्ले!" ती म्हणाली. "आता माहं नाव घ्या. घ्या न एकडाव."

मी तोंड उघडलं. काही नाही.

सकाळी प्रतिभानं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, लहानपणापासून पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं. आकडे, प्रार्थना, शिव्या. त्यावर बोलणं परत आलं असं धरू नका, पण आवाजाची वाट मोकळी आहे एवढं धरा. सुमननं त्यातलं एवढंच धरलं, की वाट मोकळी आहे. तेवढ्यावर तिनं पुढचे सगळे दिवस काढले.

"कल आइए"

बाराव्या दिवशी सकाळी सुमन चहा घेऊन आली. बशीत ओतून तिनं माझ्या तोंडाशी धरला. चहा पिऊन झाल्यावर ती उठायला लागली, तेव्हा मला म्हणायचं होतं, "बस अजून, जाऊ नको." मी सगळा जोर लावला आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणालो, "कल आइए."

प्रतिभाला हसू फुटलं. ती हसता हसता रडायला लागली, बाबा बोलले, बाबा बोलले म्हणून. सुमन बशी हातात धरून उभी होती.

त्या दिवसापासून हिंदी येत गेली. रोज एक-दोन शब्द. "नहीं मिला." "क्रमांक बताइए." "साहब दौरे पर हैं." पाणी हवं असलं की "आवेदन" तोंडात यायचं. पुढं "पानी" यायला लागलं. पण पानीच. मराठी शब्द डोक्यात उभे असायचे आणि जिभेवर हिंदी उतरायची. ज्या हाताची जितकी सवय, तितका तो आधी हलतो, असं काहीसं मॅडम म्हणाल्या. रोज सात तास जी भाषा लिहिली आणि बोलली, तिची वाट रुंद झाली असेल. "येते ती येऊ द्या. त्यावरून त्यांच्या मनातलं ओळखायला जाऊ नका."

हे सांगणं सोपं होतं. अठरा दिवसांनी आम्ही घरी आलो. शेजारीपाजारी भेटायला यायचे. त्यांच्याशी मी हिंदीत बोललेलं चालून जायचं. त्यांना वाटायचं, बाबू आहे. सुमन पहाटे उठून माझं सगळं करायची. संडासचं भांडं, अंघोळ, वाकड्या तोंडातून सांडलेली डाळ पुसणं. आणि मी तिला म्हणायचो, "ठीक है. जाइए." मला "जाइए" म्हणायचंच नसायचं.

एका दुपारी ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बावीस वर्स झाले लगनाले. माह्याशी साहेबावानी बोलून राह्यले तुमी. मी काय तुमच्या खिडकीतली बाई आहो?"

"आई, ते बाबाच्या हातात नाई," प्रतिभा म्हणाली.

"मले मालूम आहे. तू मले शिकवू नोको. तू कॉलेजले जाय आपल्या."

"मी नाई जात."

"वर्स बुडवतं का? माह्या एकटीनं होते सारं."

"नाई होत तुह्या एकटीनं. हात पाह्य आपले."

त्यांचं भांडण चाललं होतं माझ्यावरून, माझ्यासमोर, आणि मला मध्ये पडता येत नव्हतं. मी डाव्या हातानं ताट उडवलं. ते भिंतीला लागलं. भात सगळा सुमनच्या अंगावर. सुमन उठली, भात वेचला, आणि त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्यावर हात उगारला नव्हता कधी, बावीस वर्षांत. ताट उडवलं त्याची लाज मला अजून वाटते. आजारी माणसाला सगळं माफ असतं असं लोक म्हणतात. तसं असू नये.

किसनाभाऊचं कबुतर

आमच्या घराला लागून किसनाभाऊचं घर. त्यांची बोरगावच्या रस्त्यावर संत्र्याची बाडी. मी दवाखान्यात असताना आमच्या घराला कुलूप होतं, तेव्हा आमची शेळी त्यांनीच सांभाळली. मनानं फार चांगला माणूस. रोज येऊन माझा पाय हलवून बघायचे आणि मान हलवायचे.

मार्चच्या सुरुवातीला ते सकाळी टोपली घेऊन आले. टोपलीवर फडकं होतं आणि आतून गुटर्र असा आवाज येत होता.

"वयनी," ते सुमनला म्हणाले, "मी आता आयकनार नाई. लकव्यावर कबुतराचं रगत. गरम गरम चोळाचं. माह्या सासऱ्याले गुन आला होता."

"काका, डॉक्टरनं सांगितलं आहे," प्रतिभा म्हणाली, "असं काही करू नोका म्हनून."

"डॉक्टरनं दीड महिना झाला काय केलं? मानूस हिंदी बोलून राह्यला घरात!"

हे सुमनला लागलं. मी पाहिलं. तिचा या गोष्टींवर विश्वास नाही. तिच्या वडलांनी असले प्रकार घरातून कधीच हद्दपार केले होते. पण ती दीड महिना नीट झोपली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "लय रगत लागते का?"

"आई!" प्रतिभा ओरडली.

किसनाभाऊंनी फडकं काढून कबुतर बाहेर घेतलं. राखाडी, गळ्याशी हिरवट. त्यांनी ते एका हातात उताणं धरलं आणि दुसऱ्या हातानं कमरेचा चाकू काढला. कबुतराचा एक डोळा माझ्याकडे होता. लाल, गोल, सारखा मिटत उघडत. पायही हलवता येत नव्हते त्याला, आणि ओरडताही येत नव्हतं.

"सोड!"

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोण बोललं ते मलाही लगेच कळलं नाही.

"सोड त्याले!" मी म्हणालो. "किसनाभाऊ, सोड न बाप्पा त्याले!"

किसनाभाऊंच्या हातातला चाकू तसाच राहिला, पण मूठ सैल झाली. कबुतर फडफडत प्रतिभाच्या डोक्यावरून गेलं, दाराच्या चौकटीला धडकलं आणि बाहेर जाऊन आमच्या छपराच्या टिनांवर बसलं. वरून त्याच्या नखांचा आवाज येत होता.

सुमन खाली बसली. जिथं उभी होती तिथंच, मातीत. "मराठी," ती म्हणाली. "मराठीत बोल्ले."

किसनाभाऊ म्हणाले, "पाह्यलं? मी म्हनत नवतो? गुन आला का नाई?"

आणि मी हसलो. या खेपेला मला खरंच हसू आलं होतं. तोंड आणि मी एकाच वेळी हसलो. सुमन हसली, प्रतिभा हसली, आणि किसनाभाऊ, आपण का हसतो आहोत हे न कळता, सगळ्यांत मोठ्यानं हसले. सुमननं चहा ठेवला. किसनाभाऊ आजही गावात सांगतात की सोमकुवर बाबूचा लकवा त्यांच्या कबुतरानं बरा केला. मी त्यांना खोडत नाही.

त्या संध्याकाळी सुमन ज्वारीचे चार दाणे घेऊन अंगणात गेली होती. कबुतर तोवर निघून गेलं होतं. ती आत आली तेव्हा मी तिला हाक मारली. "सुमन." एवढंच. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अजून एकडाव."

मी अजून एकदा म्हटलं.

जे आलं, जे नाही आलं

त्यानंतर सरळ चढण होती असं नाही. एका दिवशी दहा शब्द यायचे, दुसऱ्या दिवशी त्यांतले सहा दडून बसायचे. मराठी आणि हिंदी दोन्ही एकाच वाक्यात यायच्या. तशा आमच्या भागात त्या सगळ्यांच्याच येतात, म्हणून ते फारसं कोणाला खटकलं नाही. प्रतिभानं एक करायचं ठरवलं होतं, की माझा शब्द अडला तर तो तिनं पुरवायचा नाही. ती समोर बसून राहायची. मी लाल होईपर्यंत, कधी चिडेपर्यंत. सुमनला ते बघवायचं नाही, ती उठून जायची. पण माझा आज जो काही शब्द आहे, तो बहुतेक त्या बसून राहण्यातून आला. एप्रिलमध्ये मामा येऊन प्रतिभाला पांढुर्ण्याला घेऊन गेले. तिनं परीक्षा दिली, पास झाली. वर्ष बुडालं नाही.

काठी धरून मी मे महिन्यात चालायला लागलो. ऑगस्टमध्ये कचेरीत रुजू झालो. साहेबांनी नकल शाखेतून काढून आलेल्या डाकेवर शिक्का मारायला बसवलं. शिक्का डाव्या हातानंही मारता येतो.

काही गोष्टी आल्या नाहीत. चौथीत मला शिकवणाऱ्या गुरुजींचं नाव आलं नाही. वजाबाकी जाते-येते. दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की मला दोघांचंही कळत नाही.

वर्षानं नागपूरला दाखवायला गेलो, तेव्हा मॅडमना मी स्वतःच्या तोंडानं विचारलं. वाक्य मी बसमध्ये तयार करत गेलो होतो. "मॅडम, त्या राखणीच्या पेशींनी माझं किती नेलं?"

त्या हसल्या. "तुम्ही ऐकत होतात तर तेव्हा."

"सगळं."

"मग मला जपून बोलायला हवं होतं." त्यांनी माझी बोटं एक एक करून वाकवून पाहिली. "नक्की नाही सांगता येणार. काही नेलं असेल, नेऊ नये तेही नेलं असेल. पण त्यांनी जागा साफ केली नसती तर जखम भरली नसती. आज शेजारच्या पेशी तुमचं बोलण्याचं काम करताहेत, ते त्या साफ जागेच्या कडेनं."

बाहेर येऊन मी सुमनला ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे ते चोर बी आहे अन् झाडू मारनारे बी." मग जरा वेळानं, "मले एवढं सांगा, आता निजले का ते?"

"निजले," मी म्हणालो. ते मला माहीत नव्हतं, पण तिला झोप यावी म्हणून म्हणालो, आणि म्हणता म्हणता मलाही बरं वाटलं.

सौसर स्टेशन

तुमच्या घरी असा माणूस असेल तर त्याच्यासमोर त्याच्याविषयी असं बोला की तो ऐकतो आहे. बहुतेक तो ऐकत असतो. पहिल्या आठवड्यात बिघडलं तर आशा सोडू नका, आणि पहिल्या महिन्यात सुधारलं तर सगळं मिळालं असं समजू नका. तो कुठल्या भाषेत बोलतो, कोणावर खेकसतो, कशाला हसतो, यावरून त्याची माया मोजू नका. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे. औषधांचं डॉक्टरांना विचारा.

मागच्या जुलैत प्रतिभाला नागपूरला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आम्ही दोघं तिला छोट्या लाईनच्या गाडीवर पोचवायला गेलो. सुमननं डब्यात दशम्या दिल्या, चटणी दिली, पेटी बाकाखाली सरकवून दिली, आणि खिडकीपाशी उभं राहून जे जे सांगायचं ते तीन वेळा सांगितलं. मला एकच गोष्ट सांगायची होती. तेवढ्यात शिट्टी झाली आणि शब्द गेला.

मी तोंड उघडून उभा. सुमन म्हणाली, "काय म्हन्ता? पैसे? पानी?" प्रतिभानं खिडकीतून हात बाहेर काढून तिला गप्प केलं.

गाडी हलली. छोट्या लाईनची गाडी एकदम धावत नाही. मी काठी टेकत तिच्या बरोबरीनं चालायला लागलो, उजवा पाय ओढत. प्रतिभा खिडकीला हनुवटी लावून माझ्याकडे पाहत होती. दहा पावलं गेलो, पंधरा गेलो. फलाट संपत आला होता.

"पोहचली का," मी म्हणालो, "खुशालीचा कागद टाकजो."

"टाकीन, बाबा."

मग मी थांबलो आणि दम घेतला.